विद्यार्थ्याची कमाई

'विद्यार्थी' या शब्दाची फोड अगदी सोपी आहे. ज्याला विद्या हवी आहे, जो विद्येचा अर्थी आहे, तो विद्यार्थी. परंतु 'अर्थ' या शब्दाने आपल्याकडे धनाचाही बोध होतो. विद्येची इच्छा आणि धनाची गरज ही दोन्ही एकाच तरुणाच्या ठायी एकाच वेळी उत्पन्न झाली, तर त्याने काय करावे? आणि त्याच्या आईवडिलांनी काय करावे? हा प्रश्न आज असंख्य घरांत उभा आहे. तो वरवर पैशाचा दिसतो. वस्तुतः तो धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा प्रश्न आहे.

काही महिन्यांपूर्वी दिल्लीतील एक परिचित मराठी गृहस्थ भेटावयास आले होते. नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षे ते राजधानीत आहेत. त्यांचा थोरला मुलगा महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता. घरभाडे वाढलेले, धाकट्या मुलीची शाळा, गावी वृद्ध आईचे औषधपाणी. अशा स्थितीत मुलाने आपण होऊन गुरुग्राममधील एका कचेरीत रात्रपाळीचे काम धरले. परदेशातील ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यावयाच्या आणि ठरलेली उत्तरे द्यावयाची, असे ते काम. तिकडचा दिवस ती आपली रात्र, म्हणून काम रात्रीचे. पहिला पगार त्याने आईच्या हातावर ठेवला, त्या दिवशी घरात गोडधोड झाले. वर्षअखेरीस मात्र वर्गातील हजेरी कमी भरली आणि मुलाला परीक्षेस बसता आले नाही. एवढे सांगून ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मुलाला मी एका शब्दाने बोललो नाही. बोलणार तरी कोणत्या तोंडाने? त्याचा पगार दर महिन्याला मीच घेत होतो. मला एवढेच सांगा, चूक त्याची की माझी?"

अशा प्रश्नाला दोन उत्तरे चटकन सुचतात आणि दोन्ही अपुरी आहेत. एक उत्तर असे की, विद्यार्थिदशा ही तपाची दशा आहे. धन मिळविणे हे गृहस्थाचे काम असून विद्यार्थ्याने त्यात पडूच नये. दुसरे उत्तर असे की, हे सारे जुन्या काळी ठीक होते. आज नुसत्या पदवीच्या कागदाला कोणी विचारीत नाही, हातात कसब असेल त्यालाच भाकरी मिळते. म्हणून मुलगा जितक्या लवकर कामाला लागेल तितके बरे. पहिल्या उत्तरात गरिबाच्या घरची चूल विसरली जाते. दुसऱ्या उत्तरात विद्याच विसरली जाते. म्हणून थोडे मुळाशी जाऊन पाहिले पाहिजे.

विद्यार्थ्याने काम करू नये, असे आपल्या परंपरेने कधी सांगितले आहे काय? छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा सर्वांना परिचित आहे. आपले गोत्र आपल्याला ठाऊक नाही, हे त्याने गुरूपुढे निःसंकोच सांगितले. त्या सत्यनिष्ठेवरून गौतमांनी त्याला शिष्य म्हणून पत्करले. इथपर्यंतची कथा आपण मुलांना सांगतो आणि थांबतो. पण पुढे काय झाले? गुरूंनी त्याला लगेच पाठ दिला नाही. त्यांनी चारशे कृश, अशक्त गाई निवडून त्याच्या स्वाधीन केल्या. सत्यकाम त्या घेऊन रानात गेला आणि त्यांच्या हजार होईपर्यंत परतावयाचे नाही, असा त्याने निश्चय केला. वर्षामागून वर्षे गेली. गाई राखता राखताच त्याला उपदेश झाला. एकदा बैलाकडून, एकदा अग्नीकडून, एकदा हंसाकडून आणि एकदा पाणपक्ष्याकडून. ज्याचे लक्ष जागे आहे त्याला त्याचे कामच शिकविते, हे या कथेत स्पष्ट आहे.

परंतु कथेचा शेवटचा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. सत्यकाम परत आला तेव्हा त्याच्या मुखावरचे तेज पाहून गुरूंनी विचारले की, तुला कोणी शिकविले? मला शिकवावयास आता काय राहिले आहे, असे सत्यकाम म्हणाला नाही. आचार्यांकडून मिळालेली विद्याच सर्वांत हितकर ठरते असे आपण ऐकले आहे, तेव्हा आपणच मला शिकवावे, अशी त्याने विनंती केली. कामाने त्याला पुष्कळ दिले होते. तरी तो गुरूकडे परत आला. आजच्या आपल्या प्रश्नाची अर्धी उकल या परत येण्यात आहे.

गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याची तीन साधने सांगितली आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. प्रणिपात म्हणजे नम्रता, परिप्रश्न म्हणजे खोदून खोदून विचारणे, आणि सेवा म्हणजे अंगमेहनत. सेवेला भगवंतांनी ज्ञानाचे साधन मानले आहे, तेव्हा श्रम हे विद्येचे शत्रू नव्हेत, हे उघड झाले. पण सेवेबरोबर परिप्रश्नही सांगितला आहे, हे विसरून चालणार नाही. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला सेवा भरपूर येते. वरिष्ठांपुढे मान तुकवणेही त्याला शिकावेच लागते. हरवतो तो परिप्रश्न. तो वर्गात नसतो. असला तर झोपेने पेंगुळलेला असतो. 'हे असे का?' असे विचारण्याची त्याची सवय हळूहळू सुटते. हजेरीपत्रकावरील रिकाम्या जागा दिसतात. ही हानी मात्र कोणत्याही पत्रकावर दिसत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राचा अनुभव पाहू. माधुकरी मागून आणि वार लावून शिकण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ काळ होती. तिने अनेकांना विद्वान केले, हे खरे. परंतु ती काही जातींच्या मुलांपुरतीच होती आणि दुसऱ्याच्या दयेवर उभी होती, हेही तितकेच खरे. धोंडो केशव कर्वे यांच्यासारख्यांनी निराळा मार्ग धरला. मुंबईत शिकत असताना त्यांनी शिकवण्या केल्या, स्वतःचा खर्च भागविला आणि १८८४ साली ते बी. ए. झाले. शिकवता शिकवता शिकणे हा कमाईचा सर्वांत निर्दोष प्रकार म्हटला पाहिजे. कारण त्यात मिळणाऱ्या प्रत्येक रुपयाबरोबर आपलेच ज्ञान घासूनपुसून लख्ख होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हाच विचार बहुजनांच्या मुलांपर्यंत नेला. १९१९ साली कराडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे त्यांचे वचन होते आणि 'कमवा व शिका' ही त्यांची पद्धती होती. मुलांनी शेतात राबावे, बांधकामावर काम करावे, स्वयंपाकपाणी आपले आपण करावे, आणि त्या श्रमांच्या बळावर शिकावे. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा हीच पद्धती महाविद्यालयीन शिक्षणातही आली. भाऊराव १९५९ साली निवर्तले. पण पुणे विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आजही त्यांच्याच नावाने चालते. या पद्धतीचे मर्म कशात आहे? मुलाला काम देणारा आणि त्याच्या अभ्यासाची काळजी वाहणारा, हे दोघे एकच होते. परीक्षा जवळ आली की कुदळ बाजूला ठेवावयास सांगणारा माणूस तेथे होता. सत्यकामाला गाई देणारे हात आणि पुढे विद्या देणारे हातही एकाच गुरूचे होते.

परंतु सर्वांनाच असा आश्रय लाभत नाही. ज्यांना तो लाभला नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विद्यार्थिदशेतील एक प्रसंग फार मोलाचा आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून मायदेशी यावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ ते १९२० पर्यंत ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. नोकरी चांगली होती, मान होता, संसार होता. दुसरा कोणी असता तर तेथेच स्थिरावला असता. पण त्यांनी ती नोकरी परतीच्या वाटेवरची धर्मशाळा मानली. स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राने दिलेले कर्ज एवढ्या शिदोरीवर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्‌सी. झाले. नोकरीने त्यांना गिळले नाही. त्यांनीच नोकरीला विद्येची पायरी केले. ज्या दिल्लीतील गृहस्थांच्या प्रश्नावरून हा विचार निघाला, त्याच दिल्लीत, विद्यापीठापासून फार दूर नसलेल्या अलीपूर रोडवरील घरात, बाबासाहेबांचे १९५६ साली निर्वाण झाले. तेथे आता त्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. काम करून शिकणाऱ्या मुलांनी एकदा तरी तेथे जाऊन यावे.

दिल्लीचाही या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे. देशाच्या फाळणीनंतर लाखो निर्वासित त्या शहरात आले. कालपर्यंत सुखवस्तू असलेल्या घरांतील मुले दिवसा मिळेल ते काम करू लागली. त्यांचे शिक्षण तुटू नये म्हणून पंजाब विद्यापीठाने दिल्लीत संध्याकाळी भरणारे 'कँप कॉलेज' चालविले. पुढे दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांतही संध्याकाळचे वर्ग निघाले. घरी राहून किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलींसाठी विद्यापीठाचे एक स्वतंत्र मंडळ असून त्याचे वर्ग सुटीच्या दिवशी भरतात. १९६२ साली याच विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाची शाळा सुरू केली. आपले चिंतामणराव देशमुख त्याच वर्षी तेथे कुलगुरू झाले. ती शाळा आज मुक्त शिक्षण शाळा म्हणून चालू असून आजवर लक्षावधी विद्यार्थी तिच्यातून शिकले आहेत. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली, तेही दिल्लीतच. अर्थात दिवसा राबणाऱ्याने शिकूच नये, असे या नगरीने कधी म्हटले नाही. त्याच्यासाठी तिने निराळी दारे उघडली. चूक होते ती तेव्हा, जेव्हा मुलगा एका दाराने आत शिरतो आणि दुसऱ्या दाराचे जीवन जगू पाहतो. दिवसाच्या महाविद्यालयात दोन-तृतीयांश हजेरीचा नियम आहे आणि रात्र कचेरीत जाते. मग तिसरा प्रहर झोपेसाठी आणावयाचा कोठून? आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागरण ही ज्याची प्रमाणात असतात त्यालाच योग दुःख हरण करणारा होतो, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. हा नियम एकांतातल्या योग्याला जसा लागू आहे, तसाच विश्वविद्यालय स्थानकावरून मेट्रोत बसून गुरुग्रामला कामावर जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही लागू आहे.

येथे कोणी म्हणेल, "पण आजचा काळ कौशल्याचा आहे." म्हणणे खरे आहे. १९६१ सालापासून देशात शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा आहे. २०१४ साली केंद्रात कौशल्यविकासासाठी निराळे मंत्रालय झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही व्यवसायशिक्षण मुख्य शिक्षणात मिसळावे, असे सांगितले. ही दिशा योग्यच आहे. परंतु कौशल्य म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्यावे. गीतेने दुसऱ्या अध्यायात योगाचे लक्षण सांगताना कर्मातील कौशल हाच शब्द योजला आहे. आणि या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती मोठी बोधप्रद आहे. जो कुश आणतो तो कुशल. कुश म्हणजे दर्भ. त्याचे पाते धारदार असते. गुरुगृहीचा विद्यार्थी रानात जाऊन गुरूसाठी दर्भ आणी. ज्याला हात न कापता दर्भ खुडता येई आणि तो नीट गुरूपर्यंत पोचविता येई, तो कुशल ठरे. कौशल्य हा शब्द असा विद्यार्थ्याच्या कामातूनच जन्मला आहे.

या एका शब्दावरून विद्यार्थ्याच्या कमाईची कसोटी लावता येते. पहिली गोष्ट, हात कापला जाता कामा नये. कामाने प्रकृती ढासळत असेल, झोप तुटत असेल, वर्ग बुडत असेल, तर पगार कितीही मोठा असो, तो रक्त देऊन घेतलेला आहे. दुसरी गोष्ट, हातात दर्भ आला पाहिजे. वर्षभर काम करून त्याच्या हाती पैशाखेरीज काय आले, हे पाहावे. हिशेब लिहिणाऱ्याला हिशेब कळतो, शिकवणाऱ्याला विषय कळतो, दुकानात बसणाऱ्याला माणसे कळतात. ज्या कामातून असे काहीच येत नाही, ते काम दुसरे मिळेपर्यंतचेच समजावे. तिसरी गोष्ट, दर्भ गुरूपर्यंत पोचला पाहिजे. कामात जे दिसले, त्याचे प्रश्न करून त्याने ते वर्गात आणले पाहिजेत, आणि वर्गात जे ऐकले ते कामावर पडताळून पाहिले पाहिजे. ज्याचे हे येणेजाणे चालू आहे तो विद्यार्थी. ज्याचे थांबले तो नुसता नोकर, त्याचे नाव महाविद्यालयाच्या पटावर असले तरी.

कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचविणारा मुलगा दिसला की काही लोक आपल्या मुलांना म्हणतात, "शिकला नाहीस तर हेच करावे लागेल." हे बोलणे अन्यायाचे आहे. त्या मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत कदाचित पुस्तकही असेल. त्याला दारात पाणी विचारावे, उशीर झाला म्हणून रागावू नये. एवढा धर्म तर प्रत्येक गृहस्थाला पाळता येतो.

गृहस्थाचा याहून मोठा धर्म आपल्या घरातील मुलाविषयीचा आहे. घर खरोखर अडचणीत असेल तर मुलाची कमाई घेण्यात पाप नाही. आईवडिलांना हातभार लावणे हे पुत्राचे भूषणच आहे. परंतु घेताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. त्या पैशाला कायमचे उत्पन्न समजून घरखर्च वाढवू नये. नाहीतर काम सोडण्याची वेळ आली तरी मुलाला ते सोडता येत नाही, आणि त्याचा उंबरठा आपणच अडविलेला असतो. दुसरे म्हणजे, महिनाअखेरीस 'पगार झाला का?' असे विचारण्याआधी 'या महिन्यात काय शिकलास?' असे विचारावे. घरात जे विचारले जाते तेच मुलाला मोलाचे वाटू लागते. ज्या घरात सुबत्ता आहे त्या घरांसाठी उलट सांगणे आहे. तेथे मुलाला एखादी सुटी तरी श्रमाची चव घेऊ द्यावी. स्वतःच्या कष्टाने एक रुपयाही न मिळविता जो पंचविशीला पोचतो, त्याला पैशाची किंमत आणि गरिबाची दशा दोन्ही कळत नाहीत.

हे सारे त्या गृहस्थांशी बोलून झाल्यावर त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे उरले होते. उत्तर असे दिले की, चूक काम धरण्यात नव्हती, पैसे घेण्यातही नव्हती; न विचारण्यात होती. वर्षभर मुलगा पहाटे घरी येऊन झोपत होता आणि तो महाविद्यालयात केव्हा जातो, हे घरात कोणीच विचारले नाही. कारण विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते. ते ऐकून त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "खरे आहे. मी उत्तराला भीत होतो."

परवा त्यांचे पत्र आले. मुलाने रात्रपाळी सोडली आहे. एका हिशेब तपासनिसाच्या कचेरीत तो दिवसा काम करतो. पगार पूर्वीच्या निम्मा आहे. नाव त्याने मुक्त शिक्षण शाळेत घातले असून रविवारी तो वर्गाला जातो. एक वर्ष मागे पडले, ते पडलेच. त्याच्याबरोबरचे विद्यार्थी पुढे गेले आहेत आणि त्याचे त्याला वाईटही वाटते. घरभाड्याच्या ओझ्यामुळे त्यांनी लहान जागा घेतली आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "परवा रात्री जेवताना त्याने कचेरीतला एक हिशेब मला समजावून सांगितला आणि मग म्हणाला, बाबा, हे पुस्तकात निराळे लिहिले आहे, रविवारी सरांना विचारतो."

हे वाक्य वाचून समाधान झाले. दर्भ गुरूकडे निघाला होता.